तंबूंच्या मागे

लेकीने मला ब्लूग्रास संगीताच्या मेळ्याला नेलं. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांचं गाणं; बँजो, फिडल, गिटार आणि मोकळे गळे. हिरवळीवर सतरंजी टाकून आम्ही सकाळपासून बसलो होतो. शेजारची एक म्हातारी बूट काढून गवतात एकटीच नाचत होती. तिच्याकडे बघता बघता मी कधी टाळ्या वाजवू लागले, कळलंच नाही.

तेवढ्यात सांगलीहून धाकट्या बहिणीचा, शैलाचा फोन आला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तीच करते. मी लगबगीने तंबूंच्या मागे गेले.

"जेवली का गं आई?"

"आत्ताच भरवलं. तू कुठे आहेस?"

"घरीच," मी म्हणाले.

खोटं का बोलले? ते सुख काही मी चोरून आणलं नव्हतं. पण आईची कूस बदलून दमलेल्या शैलाला माझ्या टाळ्या ऐकू जाऊ नयेत, असं वाटलं खरं. दूर राहणाऱ्याला काळजी करता येते, उठून पाणी देता येत नाही. म्हणून मग आपलं सुख तेवढं लपवावंसं वाटतं.

"ताई, मागे काय वाजतंय?"

 मग मी खरं ते सांगितलं.

"अगं, मग फोन तिकडे धर ना. आईला ऐकू दे," ती म्हणाली. आणि जरा थांबून, हळूच, "मलाही."

मी पुढे आले आणि फोन उंच धरून उभी राहिले. गाणं संपलं, तरी हात खाली घेववेना.