न धुतलेली साडी

दुपारच्या सुट्टीत पालिकेच्या पाळणाघराच्या खिडकीतून आत पाहिलं आणि चकितच झाले. माझी दोन वर्षांची पोर माझ्या मळक्या साडीत तोंड खुपसून शांत झोपली होती.

आधीचे तीन दिवस ती नुसती रडत होती. आठवड्यात रुळली नाही तर जागा दुसऱ्या मुलाला, असा तिथला नियम. मग माझं बांधकामावरचं काम सुटलंच असतं. पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, "तुमची एक जुनी साडी आणा." मी लाजेनं सोडा घालून धुतली, घडी करून नेली. ताईंनी हुंगली आणि परत दिली. "लेक काय तुम्हाला साबणाच्या वासानं ओळखते? कामावर नेसलेली आणा, न धुता."

दारावरच्या फलकावर लिहिलंय, 'आईला कामावर जाता यावे म्हणून.' सहावीत शाळा सुटली, तरी एवढं वाचता येतं मला. पाळणाघर चालवायचं पालिकेचं कारण तेवढंच असेल, असं वाटलं होतं. गावापासून इतक्या लांब, माझ्या घामाचा वास कुणी मागून घेईल, हे ध्यानीमनी नव्हतं.

संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन बसमध्ये चढले. रोज घामाचा वास शेजारच्याला येऊ नये म्हणून मी अंग चोरून बसते. आज नीट टेकून बसले.