तीन हात वर आणि एक गिझर

आमच्या वस्तीच्या ऑनलाइन ग्रुपवर अकरा हजार माणसं आहेत आणि त्यांना सांभाळायचं काम माझा नवरा फुकट करतो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि घरी आल्यावर फोनमध्ये डोकं खुपसून कुणाची पोस्ट जाऊ द्यायची, कुणाची अडवायची ते ठरवायचं. कपडे वाळत घालायला सांगितले तर म्हणतो, "थांब जरा, दोघं भांडतायत." लोक त्याला 'पंच' म्हणतात. त्याला ते भारी आवडतं.

पंचांचा एक लाडका नियम आहे. आपल्या माणसाचा संबंध असलेली पोस्ट आपण हाताळायची नाही. ग्रुप सांभाळणारे तिघं आहेत, हा, एक शाळेतल्या बाई आणि एक टंकलेखन क्लासवाले; त्यांच्या आपसातल्या चॅटवर उघड्या पंजाचं चित्र टाकायचं आणि बाजूला व्हायचं. याला ते 'हात वर' म्हणतात. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण हा बाबा, ज्या दुकानातून चपला घेतो त्या दुकानाच्या पोस्टलाही हात वर करतो. आता काय बोलायचं?

गेल्या आठवड्यात जेवताना मोठ्या फुशारकीने म्हणाला, "धाकट्याविरुद्ध तक्रार आलीये. मी हातसुद्धा लावला नाही."

धाकटा म्हणजे माझा दीर. तो गिझर बसवतो.

"कसली तक्रार?"

"नवीन गिझर बसवला, तर नळाला हात लावला की झटका बसतो म्हणे."

"कधी आली?"

"चार दिवस झाले."

"मग बाकीच्या दोघांनी काय केलं?"

आता तो जरा चाचरला. तक्रार करणारी बाई शाळेतल्या बाईंची सख्खी बहीण, म्हणून बाईंचा हात वर. दिराचं दुकान टंकलेखन क्लासवाल्यांच्या जागेत, म्हणून त्यांचाही हात वर. पोस्ट मंजुरीच्या रांगेत तशीच पडून.

"आणि भाऊजींना सांगितलंस?"

"छे! रांगेतली पोस्ट संबंधित माणसाला सांगायची नसते. तो पक्षपात झाला."

माझं डोकंच फिरलं. "अरे, तू बाजूला झालास म्हणतोस, आणि तक्रार चार दिवस कुणाला दिसली नाही! फायदा कुणाचा झाला? तुझ्याच भावाचा ना? तिकडे कुणी मेलं असतं म्हणजे?"

तो ताटावरून उठला. हात न धुताच फोन घेतला आणि पोस्टवर लिहिलं, 'ज्यांच्यावर तक्रार आहे ते माझे धाकटे भाऊ आहेत. मंजुरीला चार दिवस लागले, चूक माझी.' आणि पोस्ट सोडली. मग भावाला फोन लावला, स्पीकरवर.

दीर सगळं ऐकून घाबराघुबरा झाला. त्या इमारतीत अर्थिंगची वायर आधीपासून आहे, असं तो धरून चालला होता. वायर भिंतीत दिसली होती, पण ती खाली जमिनीपर्यंत नेली आहे का, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"दादा, तुला कधी कळलं हे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"सोमवारी," तो म्हणाला.

मग दीर म्हणाला, "सोमवारनंतर त्याच इमारतीत मी आणखी तीन बसवले रे. एका घरात तान्हं बाळ आहे."