शिकारीचे कसब

आमच्या धरमपेठेतील घराचा भाडेकरू महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात काम करी. तारांनी जोडलेल्या यंत्रांवर अनेकांनी एकत्र खेळावयाचा अरण्याचा खेळ तो रचीत होता. बोलताना त्याचा हात हवेत सुरीसारखा फिरे.

"खेळात शिकार अन् कातडं सोलायचं कसब टाकून राहिलो, गुरुजी!"

एवढ्या आनंदाने सोलण्याविषयी बोलणाऱ्या माणसाची मला शंका येई. त्याला घर सोडण्यास सांगावे, असे मी ठरविले होते. तेवढ्यात एका सकाळी, माझ्या पूजेच्या वेळी, तो वही घेऊन दारात आला.

"सोलण्याआधी जनावराची क्षमा मागा लागन, असा नियम केला. श्लोक सांगा ना."

"क्षमा न मागितल्यास?"

"त कातडं भेटनच नाही."

मी मृगाजिनावर, हरणाच्या कातड्यावर बसलो होतो. मला एकही श्लोक आठवेना.