आईचा ब्रिक गेम

आईला काही झालेलं नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरांचं होतं, बाबांचं होतं, कल्याणच्या मोठ्या काकूंचं तर होतंच. आईचं तेवढं नव्हतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, बाबा ठाण्याला एका सरकारी कचेरीत होते. एकदा भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेतलेली असतानाच आईने पिशवी टाकली आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली. चेहरा पांढराफटक, हातांना मुंग्या, छाती धडधडतेय. "मी मरतेय गं," ती म्हणाली. तेही हळू आवाजात, भाजीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटलं, हार्ट अटॅक. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला.

बाबा आल्यावर डॉक्टर त्यांना म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ आहेत. रिकामं बसू देऊ नका. कामात गुंतवा." आई समोरच बसली होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठणारी, दोन वेळचा स्वयंपाक करून दुपारी बिल्डिंगमधल्या बायकांची ब्लाउजं शिवणारी बाई. तिला आणखी कुठल्या कामात गुंतवायची होती, ते मला त्या माणसाला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या काळात डॉक्टरला कोणी काही विचारत नसे.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. काकूंनी अंगारा आणून दिला. मी म्हटलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवू, ठाण्याला असतील कोणी. बाबा एकदम चिडले. आमच्याकडे 'ठाण्याला न्यावं लागेल' याचा एकच अर्थ होता, तिथलं वेड्यांचं इस्पितळ. शाळेत पोरं एकमेकांना चिडवायची तेसुद्धा त्यावरूनच. बाबा रोज डबा घेऊन ठाण्यालाच जायचे, पण बायकोला तिथे न्यायचं नावही काढू देईनात.

"बाहेर कळलं तर तुझं लग्न जमायचं नाही," ते म्हणाले. म्हणजे आईने घुसमटायचं, ते माझ्यासाठी. हे ओझं त्यांनी किती सहज माझ्या डोक्यावर ठेवलं.

त्या सुमारास मैत्रिणीबरोबर उल्हासनगरला गेलेले, तेव्हा एक ब्रिक गेम घेऊन आले. हातात मावेल एवढं प्लॅस्टिकचं यंत्र. छोट्याशा पडद्यावर वरून चौकोनांचे तुकडे पडत राहतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. मी चार दिवस खेळले आणि शोकेसमध्ये टाकून दिला.

एका दुपारी कॉलेजमधून आले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला टेकून बसलेली. बाजूला अर्धवट निवडलेले तांदूळ. हातात तो गेम. आवाज बंद केलेला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांब जरा."

मी थांबले. थोड्या वेळाने तिने मान वर केली. कपाळावर घाम होता, पण श्वास लागलेला नव्हता.

"धडधडायला लागलं होतं," ती म्हणाली. "हातात काहीतरी हवं होतं म्हणून हे घेतलं. एक तुकडा बसवतोय तोवर दुसरा येतो. आता आपण मरतोय, हे आठवायला वेळच मिळत नाही."

तेव्हापासून तो गेम तिचाच झाला. झटका येतोय असं वाटलं की कुठेही बसायची, खेळायची आणि उठून कामाला लागायची. झटके थांबले नाहीत, पण तिला त्यांच्यातून बाहेर यायची वाट सापडली होती. पिशवीत गेम टाकून ती पुन्हा एकटी भाजीला जायला लागली. हल्ली मन शांत करायला लोक मोबाइलवर नाना प्रकार घेतात, आणि चारचौघांत कौतुकाने दाखवतात. दाखवू देत. मला फक्त चीड येते की माझ्या आईला तेच लपूनछपून करावं लागलं, आणि तरी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

झालं असं, की काकूंनी माझ्यासाठी ठाण्याचं एक स्थळ आणलं. रविवारी मंडळी बघायला आली. मी बाहेर साडी सावरत बसलेले, आई आत पोहे करत होती. पोहे बराच वेळ येईनात. मुलाची आई "पाणी घेते हं" म्हणत आत गेली, आणि पाणी न घेताच लगेच बाहेर आली. आई गॅस बंद करून खाली बसून खेळत होती. दुसरा काय इलाज होता तिच्याकडे?

संध्याकाळी काकू निरोप घेऊन आल्या. "मुलीच्या आईच्या डोक्यावर परिणाम आहे का, विचारतायत."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गेम उचलला, मागचं झाकण काढून एकेक सेल बाहेर काढला आणि सगळं आपल्या ऑफिसच्या बॅगेत ठेवलं.

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली. "त्याने बरं वाटतं मला."

"चाळिशी उलटली तुझी. शोभतं का हे?"

मी मध्ये बोलले, पण काकूंनी मला गप्प केलं. दुसरा गेम आणते म्हटलं तर आईच नको म्हणाली, ह्यांना आवडत नाही.

तिचं बाजारात जाणं बंद झालं. मग एके दिवशी दळण घेऊन वर येताना जिन्यातच झटका आला. मी घरी आले तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर पीठ सांडलेल्या पायरीवर बसलेली, भोवती बायका. कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं होतं. कोणी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला होता, म्हणे फेफरं आहे. केस ओले, नाकातोंडाला कांद्याचा वास, आणि आई सगळ्यांना सांगतेय, "मला काही नाही झालं, तुम्ही जा." तिला वर आणलं, डोकं पुसलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सरळ बाबांच्या कचेरीत गेले. मोठा हॉल, एकाला एक लागून टेबलं. मला बघून बाबा चपापले.

"आईचा गेम द्या," मी म्हटलं.

"बाहेर चल. बाहेर बोलू."

"इथेच द्या. ड्रॉवरमध्ये असेल ना?"

"लोक बघतायत," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू देत. आईला भीतीचे झटके येतात. ती वेडी नाही, तिला त्रास आहे. त्या गेमने तिला उतार पडत होता आणि तुम्ही तो इथे आणून कुलपात ठेवलात. काल ती जिन्यात कोसळली, बाबा. लोकांनी तिला कांदा हुंगवला."

बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि गेम टेबलावर ठेवला. मी तो उचलला आणि निघाले.

जिन्यात मागून एक बाई आल्या. बाबांच्याच सेक्शनला होत्या. म्हणाल्या, "माझ्या बहिणीला अगदी असंच व्हायचं. इथेच तलावाच्या बाजूला एक डॉक्टरीण बाई बसतात. ने आईला. काही घाबरू नकोस, रस्त्यावरचाच साधा दवाखाना आहे."

मी नेलं. बाबांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. डॉक्टरीण बाईंनी सगळं आईलाच विचारलं. मला मध्ये बोलू दिलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हा आजार आहे. पुष्कळांना होतो. औषध आहे याच्यावर." आई रडायला लागली. इतक्या महिन्यांत तिच्या दुखण्याला आजार म्हणणारं पहिलं माणूस तिला तेव्हा भेटलं होतं.

"झटका आल्यावर तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग चोरी पकडल्यासारखा पिशवीतून गेम काढून दाखवला.

"छान की," बाई म्हणाल्या. "गोळ्या लागू पडेपर्यंत खेळत राहा. नंतरही खेळा, आवडत असेल तर."

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. पूर्ण बरी व्हायला वर्षाच्या वर गेलं. बाबा दवाखान्यात एकदाही आले नाहीत. माझ्याशी ते बरेच दिवस बोलत नव्हते. कचेरीत त्यांची अब्रू गेली म्हणे. आईच्या त्रासाबद्दल मात्र ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत, चांगला नाही की वाईट नाही. लोक म्हणतात, त्या पिढीला कळत नव्हतं, सोडून दे. कचेरीतल्या त्या बाईही त्याच पिढीच्या होत्या, त्यांना कळत होतं. मी सोडलेलं नाही.

माझं लग्न पुढे झालं. मुलाला आईबद्दल मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलेलं. लग्नानंतर माहेरी आले होते, तेव्हा एका सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहिली.

"शहाडला जाते, मावशीकडे," ती म्हणाली.

"मी येऊ सोबत?"

"नको. लोकलने एकटीच जाऊन येते."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "जेवणाचं काय?"

"कुकर लावलाय," आई म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरून गेली.