करपलेलं पातेलं

तिला सगळे आरसाबाई म्हणत. मुलांच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत तिनं अठ्ठावीस वर्षं भांडी घासली, आणि अशी घासली की पातेल्याच्या बुडात बघून पोरं भांग पाडायची. नाव त्या पोरांनीच ठेवलेलं. काम सुटलं, पण हातांची खोड काही सुटली नाही. सुनेच्या माहेरी तिनं एकदा न विचारता त्यांचा तवा खरवडून ठेवला, तर विहीणबाई महिनाभर फुगून बसल्या. तेव्हापासून कुठं निघायचं म्हटलं की मुलगा आधी बजावायचा, "आई, हाताची घडी, तोंडावर बोट!"

नात दहा वर्षांची. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या एका कार्यक्रमावर तिचा भारी जीव. चार पत्रं पाठवून झाली, पाचव्याला उत्तर आलं. सुट्टीत सगळेजण चित्रीकरण बघायला या, आणि पोरीला खुद्द आचारीबुवांच्या शेजारी उभं राहून पदार्थाची चव सांगायला मिळेल. झालं! मुलानं ते पत्र सगळ्या इमारतीला दाखवलं, न्हाव्यालासुद्धा सोडलं नाही. पोरीनं आरशासमोर एकच वाक्य शंभरदा म्हटलं.

जागा म्हणजे एक भलंमोठं गोदाम, आणि त्यात तीन भिंतींचं स्वयंपाकघर. खिडकीतलं ऊन दिव्याचं, कपाटं रिकामी, डबे तर नुसते ओळीनं मांडलेले. "अगं बाई, सगळाच देखावा!" आरसाबाई म्हणाली. जेवणाची सुट्टी झाली होती, त्यामुळे आत कुणी नव्हतं. एक मदतनीस बाकीच्यांना कॅमेरे दाखवायला पुढं घेऊन गेला. आरसाबाई मागं रेंगाळली आणि तिला ते पातेलं दिसलं. शेगडीवर, बुडापासून काठापर्यंत करपलेलं, काळंठिक्कर. शेजारी नळ, नळाला खरं पाणी, आणि वर तारेची घासणी! हात शिवशिवायला लागले. एवढे पैसेवाले लोक आणि असलं भांडं पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ठेवतात? दहा मिनिटांत तिनं ते लख्ख करून जागेवर पालथं घातलं आणि पदराआड हात पुसत बाहेर आली. मनातून खूशच होती.

सुट्टी संपली आणि दिग्दर्शकाची आरोळी ऐकू आली. पदार्थ करपला तर तो वाचवायचा कसा, हे आचारीबुवा दाखवत होते. अर्धं चित्रीकरण काल झालेलं, उरलेलं आज त्याच पातेल्यात व्हायचं होतं. तेच पातेलं आता चांदीसारखं चमकत होतं. "कुणी घासलं हे?" सगळ्यांनी तिथल्या भांडी घासणाऱ्या भांडीवालीकडे पाहिलं. ती एक किडकिडीत बाई होती.

"मी नाही हो साहेब. मी जेवत होते."

"मग काय भुतानं घासलं?"

आरसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती पुढं सरली, तोच मुलानं तिचं मनगट घट्ट धरलं. "आई, तोंडावर बोट," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आता बोललीस तर पोरीचा नंबर गेलाच म्हणून समज." नात नवा फ्रॉक घालून उभी होती, ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवत. खानावळीत एकदा हरवलेल्या परातीचा आळ आरसाबाईवर आला होता. तेव्हा तिथल्या आचाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, परात मी नेली, तिला बोलू नका. हे तिला आठवलं. आठवलं आणि तरी ती मूग गिळून बसली. "उद्यापासून येऊ नकोस," दिग्दर्शक भांडीवालीला म्हणाला.

दुसरं पातेलं करपवायला तासभर गेला. मग नातीनं चमचा तोंडात घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वा, करपल्याचा वाससुद्धा नाही!" टाळ्या पडल्या. आरसाबाईनंही वाजवल्या. वाजवताना तिला स्वतःचीच किळस आली.

परत निघाले तेव्हा फाटकापाशी भांडीवाली पिशवी घेऊन उभी होती. तिनं आरसाबाईच्या बोटांकडे पाहिलं.

"आजी, ही काजळी साबणानं नाही जायची. लिंबू चोळा."

आरसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुला... कधी कळलं?"

"तेव्हाच. नखं बघितली की."

"मग बोलली का नाहीस गं?"

"पोर केवढी सजून आली होती. आणि माझं ऐकणार कोण?"

आरसाबाई तशीच मागं वळली. मुलगा "आई, आई" करत मागं. कार्यक्रमाच्या व्यवस्थापकासमोर तिनं दोन्ही हात पुढं केले. "मी घासलं. ही बघा नखं. त्या बाईला परत घ्या."

व्यवस्थापक भला माणूस होता, तो हसला. "आजी, कष्टाच्या माणसाची नखं अशीच असतात. तुम्हाला तिची दया आली, कळतंय मला. पण दुसऱ्याचा आळ कशाला अंगावर घेता? खरंच तुम्ही घासलं असतं, तर तेव्हाच बोलल्या नसतात का?"

तिनं मुलाकडे पाहिलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता, एकच. तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी बांधलेलीच होती.

"तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," असं म्हणून व्यवस्थापकानं तिला कार्यक्रमाचं नाव छापलेला एप्रन भेट दिला. ती बाहेर आली तोवर भांडीवाली निघून गेली होती.

गाडीत सून उगाच खिडकीची काच वरखाली करत होती. नात आजीला खेटून बसली होती. बऱ्याच वेळानं ती आजीच्या कानाशी आली.

"आजी, मी बघितलं होतं तुला घासताना."

आरसाबाईनं मान वळवली.

"मी पण नाही सांगितलं. मला टीव्हीवर यायचं होतं."

पोरीला रागवायला आरसाबाईपाशी तोंड कुठं होतं? मांडीवरच्या एप्रनखाली तिनं आपली काळी नखं झाकून घेतली. मग नातीनंही हळूच आपला हात त्याच एप्रनखाली सरकवला.