विमानातून गेलेलं कौल

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरच्या छपराखालीच व्हायला हवं, हे आमच्या आईच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं ठरलेलं होतं. पण माझ्या अक्काचा नवरा सरकारी नोकरीत, बदली अंदमानात, आणि अक्काचं गरोदरपण नाजूक. डॉक्टरांनी तिला बोटीचा प्रवास साफ मना केला. मग आईच निघाली. ज्या बाईनं यशवंतपूरच्या आमच्या घरापासून म्हैसूरपलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती समुद्र ओलांडायला निघाली. सोबतीला मी, नुकतीच बी.ए. झालेली, इंग्रजी बोलता येतं म्हणून.

लाडू झाले, डिंक झाला, दुपटी शिवून झाली. आणि निघायच्या आदल्या दिवशी आई अण्णांना म्हणाली, "शिडी लावा. मधल्या खोलीवरचं एक कौल काढून द्या."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पेपरातून वर बघत म्हणाले, "कशाला?"

"अक्का येऊ शकत नाही ना? मग छप्पर नेते. दोघी पोरी त्याच कौलांखाली झाल्यात."

मी हसून हसून बेजार झाले. अण्णा हसले नाहीत. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि धोतर खोचून शिडीवर चढले. कित्येक पावसाळ्यांनी काळं पडलेलं एक मंगळुरी कौल त्यांनी खाली दिलं. आईनं ते घासून धुतलं, जुन्या रजईत गुंडाळलं आणि वर सुतळी बांधली.

त्याच संध्याकाळी मद्रासहून तार आली की बोट एक दिवस आधी सुटणार. रात्रीच्या मेलनं गेलो असतो तर बोट चुकली असती. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारे आमचे अण्णा तडक गेले आणि विमानाची तिकिटं घेऊन आले. आईनं देवापुढं साखर ठेवली.

विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं. तिथल्या माणसानं रजईवर बोट ठेवून विचारलं, यात काय आहे? मी लाजेनं अर्धमेली. कॉलेजातलं कुणी बघू नये म्हणून खांबाआड सरकले. आईनं शांतपणे पेटी उघडली, स्वतःची चांगली लुगडी काढून अण्णांच्या हातात दिली आणि रजई उचलून पोटाशी धरली. "इदु नम्म मने," ती त्याला म्हणाली. हे आमचं घर आहे. तो बिचारा काय समजला कोण जाणे, पण त्यानं जाऊ दिलं.

विमानात चघळायला गोळ्या आणि कानात घालायला कापूस वाटला. आईनं कापूस घातला, गोळ्या मात्र अक्कासाठी पदराला बांधल्या. विमान उठलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात रजईवर ठेवले. मला तिचा राग येत होता आणि त्याहून जास्त माया येत होती. मी हळूच माझाही एक हात तिथं ठेवला.

एवढी धावपळ करून मद्रासला पोचलो, तर वादळामुळं बोट बंदरातच अडकून पडली. विमानानं वाचवलेला वेळ समुद्रानं व्याजासकट वसूल केला. शेवटी सुटली तेव्हा मी आडवी झाले. पाणीसुद्धा पोटात ठरेना. आईला काहीच झालं नाही. ती मला लिंबाचं लोणचं चाटवी आणि मग कठड्याशी जाऊन उभी राही. दिसेल त्या खलाशाला कन्नडात विचारी, अजून किती लांब? त्यांना कळत नसे, तरी सगळे हातानं पुढं दाखवत. डेकवरच्या बायकांना एव्हाना कौलाची गोष्ट कळली होती. येता जाता त्या रजईला हात लावून नमस्कार करीत. माझी थट्टा केव्हाच आटली होती. मीही मनातल्या मनात बोटीला ढकलत होते.

धक्क्यावर भावोजी एकटेच उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल, तोंडभर हसू. "मुलगी झाली," ते म्हणाले. "परवा. घरीच, नर्सच्या हातून."

आईचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "दोघी बऱ्या आहेत ना?" तिनं विचारलं. नारळीच्या झाडांतून, लाल मातीच्या चढावरून जीप जात होती आणि ती कुठंही बघत नव्हती.

घर लाकडाचं, वर पत्रा. आईनं रजई बाहेर पायरीवरच टाकली. आंघोळ केली, नातीला घेतलं, अक्काच्या तोंडावरून हात फिरवला. अक्का सुकून गेली होती. भावोजी म्हणाले, कळा देताना रडली नाही, पण तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

"त्या रजईत काय गं?" अक्कानं मला विचारलं.

"छप्पर," मी म्हटलं. "यशवंतपूरचं."

तिला लगेच कळलं. तीही त्याच आईची लेक. ती इतकी रडली की नर्स धावत आली.

"तुझ्या भावोजींना वर चढायला सांग," अक्का म्हणाली.

"आता काय उपयोग?" आई कशीबशी म्हणाली. "मला उशीर झाला, बाळ. लेकरू तर येऊन गेलं."

"लेकराला कशाला? ते त्याच्या बापाच्या घरी आलंय. मला हवंय."

भावोजी शिडीवर चढले. पत्र्यावर कौल बसेना. त्यांनी ते तारेनं बांधलं, खडखडाटानं घर दणाणलं. खाली अक्का आईच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघत होती.

"ठेवलं?" तिनं ओरडून विचारलं.

"ठेवलं!"

ती कुशीवर वळली आणि बघता बघता झोपली. आई मांडी न हलवता बसून राहिली. संध्याकाळी भावोजींचे शेजारी बाळ बघायला आले आणि दारातूनच मोठ्यानं अभिनंदन करू लागले. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"स्वल्प हळू बोला," ती म्हणाली. "माझी लेक माहेरी आलीय."