गावंडे सरांचे सत्तावीस अंश

गावंडे सरांची आणि माझी पहिली भेट मे महिन्यातली. अमरावतीच्या उन्हानं डोकं उठलेलं, आणि मी आमच्या संस्थेच्या डेटा सेंटरमध्ये रुजू व्हायला गेलो तर दारामागच्या खुंट्यांवर चार स्वेटर टांगलेले. शिपायानं त्यातला एक माझ्या हातात दिला. आत चार मोठे एसी अठरा अंशांवर घोंघावत होते. सर मात्र अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात, सर्व्हरच्या एका कपाटामागे हात धरून उभे होते. माझं नावही न विचारता म्हणाले, "इकडं ये, हात धर. समोरून थंडी, मांगून भट्टी. अन् दोनी हवा एकमेकीत मिसळून राहिल्या. आता सांग, आपण थंड करून राहिलो कोणाले, मशीनले का सायबाले?"

प्रश्न बिनतोड होता. उन्हाळ्यात वरिष्ठांकडे पाहुणा आला की त्याला आधी डेटा सेंटर दाखवायची आमच्याकडे पद्धत होती. पाहुणा कुडकुडला की वरिष्ठांची छाती फुगे.

सरांनी ही हौस मोडायचं ठरवलं. त्यांनी सगळी कपाटं फिरवून तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावली. समोरची गल्ली थंड, मागची गरम. मधे प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदे लावले, शीतगृहाच्या दाराला असतात तसले. कपाटांतल्या रिकाम्या खाचा पत्रे कापून बुजवल्या, स्वतःच्या हातानं. एक सर्व्हर तर केव्हाच गुंडाळलेल्या योजनेसाठी वर्षानुवर्षं धावत होता. तो सरांनी विचारपूस करून बंद केला. मग आठवड्याला एक अंश, असं करत ते अठरावरून सत्तावीसवर आले. यंत्रांनी कुरकूर केली नाही, आणि चारपैकी दोन एसींना कायमची सुटी मिळाली.

कुरकूर माणसांनी केली. "इथं आता डेटा सेंटरसारखं वाटतच नाही," असं एक वरिष्ठ माझ्यादेखत बोलले. तशात एक सर्व्हर बंद पडला. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जुनाट होता आणि तो बदला म्हणून सरांनी दोनदा लेखी कळवलं होतं. पण हे कुणाला ऐकायचं होतं? खापर सत्तावीस अंशांवर फुटलं आणि चौकशी समिती नेमली गेली. सरांना दाराबाहेर थांबायला सांगून समिती आत आली. माहीतगार म्हणून मी सोबत होतो, आणि तापमापक माझ्या हातात होता.

दारालगतचा पडदा बाजूला सारून समितीचे अध्यक्ष सरळ मागच्या, गरम गल्लीत शिरले. जिथं यंत्रं आपली ऊब टाकतात, नेमके तिथं उभे राहिले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "वाचा." मी वाचलं, "अडतीस." खोलीचं तापमान अडतीस अंश, असं अहवालात नोंदलं गेलं.

साहेब, तुम्ही चुकीच्या बाजूला उभे आहात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मला ते येत होतं. सरांनीच शिकवलं होतं. पण पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि त्या कागदावर याच अध्यक्षांची सही लागणार होती. मी आकडा खरा सांगितला आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

सरांची बदली अकोल्याच्या भांडार विभागात झाली. संगणकशास्त्रातला एवढा जाणता माणूस खुर्च्या आणि कागदाची रिमं मोजत निवृत्त झाला. इकडे पडदे उतरले, चारही एसी पुन्हा अठरावर गेले, आणि सरांच्या खुर्चीवर मी बसलो.

बदलीनंतर दोन वर्षांनी हिंमत करून अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "सर, त्या दिवशी मले सगळं मालूम होतं."

"मलेही मालूम हाय. अडतीस मांगच्याच गल्लीत येते."

"मंग तुमी काहून नाई बोलले?"

"मी बोललो असतो तर त्यायनं तुलेच विचारलं असतं. तुयी नोकरी कच्ची होती लेका." मग त्यांनी विचारलं, "पडदे काढले का?"

"हो सर."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चाय घे, थंडा होऊन राहिला," एवढंच बोलले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आता सर साठ वर्षांचे होत आहेत. वीज वाचवणं ही आता सगळीकडे फॅशन झाली आहे, म्हणून संस्थेला सरांची आठवण आली आणि त्यांच्या साठीनिमित्त ती गौरव अंक काढते आहे. गौरव समितीचे अध्यक्ष तेच, रुमालानं मान पुसणारे. लेखात फक्त गोड आठवणी असाव्यात, असं त्यांनी पत्रानं कळवलं आहे. माझ्याकडे होत्या त्या लिहिल्या. हा लेख एकही ओळ न गाळता छापावा, ही विनंती.

तो अहवाल आजही कायम आहे. मोजमाप चुकीच्या गल्लीत झालं आणि ते ठाऊक असून मी बोललो नाही, असं लिहून, तो रद्द करण्याचा अर्ज मी माझ्या सहीनं आज कार्यालयात दिला आहे. आमच्याकडे अशा अर्जांचा निकाल लागायला फार वर्षं जातात. तो ऐकायला गावंडे सरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो.